लाकडी फायर डोअर घेताना: ३० आणि ६० मिनिटांच्या दारांचं परीक्षण

फायर डोअरची, म्हणजे आग ठरावीक मिनिटं अडवून धरणाऱ्या दाराची, चौकशी बहुतेक वेळा पल्ल्यापासून (उघड-मिट होणाऱ्या फळीपासून) सुरू होते आणि पल्ल्यावरच संपते. जाडी किती, व्हिनियर कुठलं, लॅमिनेट कुठल्या रंगात मिळेल, माल कधी येईल. चौकट जुनीच ठेवायची असते, बिजागऱ्या आणि कुलूप वेगळीकडून येणार असतात आणि बसवायला नेहमीचा सुतार असतो. अशा दाराला लेबलवरची मिनिटं लागू होत नाहीत, कारण प्रयोगशाळेत जे जाळून पाहिलं ते हे दार नव्हतंच. म्हणून इथे पूर्ण संचाचा विचार केला आहे: पल्ला, चौकट, आगीत फुगून कडेची फट बंद करणाऱ्या पट्ट्या, बिजागऱ्या, क्लोजर (दार आपोआप बंद करणारं यंत्र), कुलूप आणि चौकट व भिंत यांच्यामधली भरणी.

बाजारात दोन प्रकार सर्वाधिक दिसतात. एक ३० मिनिटांचा, साधारण ४४ मिमी जाडीचा. दुसरा ६० मिनिटांचा, ५४ मिमीचा. आमचं मत आधीच सांगतो. कारखान्यातून चौकटीसकट आलेला ३० मिनिटांचा लाकडी संच हे अतिशय भरवशाचं उत्पादन आहे. ६० मिनिटांचाही चांगला आहे, पण त्यात बसवणीच्या चुकीला जागा फार कमी उरते. नुसता पल्ला घेऊन बाकीचं जागेवर जमवायचं असेल, तर कुठल्याही कंपनीच्या मालाची आम्ही शिफारस करणार नाही.

जळणारं लाकूड आग कशी अडवतं

लाकूड पेटतं हे खरं, पण ते ठरावीक वेगानं जळतं. पृष्ठभाग साधारण ३०० अंश सेल्सियसला पोचला की त्याचा कोळसा होतो आणि हा कोळशाचा थर आतल्या लाकडापर्यंत उष्णता पोचू देत नाही. युरोपीय संरचना-संहितेत पाइनसारख्या मऊ लाकडासाठी कोळसा होण्याचा वेग मिनिटाला ०.६५ मिमी धरला आहे, तर घट्ट कठीण लाकडासाठी सुमारे ०.५ मिमी. या हिशेबानं मऊ लाकडात ३० मिनिटांत सुमारे २० मिमी आणि ६० मिनिटांत ३९ मिमी जाडी जाते. ४४ आणि ५४ मिमी हे आकडे कुठून आले याचा अंदाज यावरून येतो. ५४ मिमीच्या पल्ल्यात तासाभरानं शिल्लक राहतो तो जेमतेम १५ मिमीचा थर.

लोखंडाशी तुलना करताना एक गोष्ट सुटते. साध्या लोखंडी पत्र्याचं दार ज्वाला अडवतं, पण उष्णता पलीकडे लगेच पोचवतं. आत इन्सुलेशन भरलेलं नसेल तर सुरक्षित बाजूचा पत्राही थोड्याच वेळात हात लावता येणार नाही इतका तापतो. लाकडी पल्ल्याची सुरक्षित बाजू मात्र बराच वेळ थंड राहते. लोकांना ज्या दाराशेजारून निसटायचं आहे, तिथे हा फरक फार मोलाचा आहे.

लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या तपासात त्या इमारतीतला, ३० मिनिटं टिकायला हवा असा एक फ्लॅटचा दरवाजा चाचणीत सुमारे १५ मिनिटांतच निकामी झाला. तो फायबरग्लासचं आवरण असलेला कंपोझिट दरवाजा होता. पुढे ब्रिटन सरकारनं बाजारातले लाकडी संचही तपासले. त्यात २५ उत्पादकांचे ३० मिनिटांचे दरवाजे होते आणि ते सगळे उत्तीर्ण झाले. लाकडाच्या बाजूनं याहून ठोस पुरावा क्वचितच मिळेल. मात्र ते सगळे योग्य हार्डवेअरसह नीट बसवलेले पूर्ण संच होते, हे विसरू नये.

पल्ल्याच्या पोटात काय आहे ते विचारा

वरून सगळे पल्ले सारखेच दिसतात. फरक गाभ्यात असतो. घट्ट पार्टिकल बोर्डचा गाभा सर्वांत प्रचलित आहे. त्याची घनता घनमीटरला साधारण ६०० किलो किंवा जास्त असते. तो सरळ राहतो, किफायतशीर असतो आणि ३० मिनिटांसाठी पुरेसा आहे. दोष एकच: ओल लागली की फुगतो आणि मग पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. लाकडाच्या चिकटवलेल्या पट्ट्यांचा गाभा स्क्रू जास्त घट्ट धरतो, त्यामुळे जिथे दिवसभर ये-जा असते, अशा शाळा, रुग्णालयं, कार्यालयांचे जिने, तिथे आम्ही तोच घेऊ.

तिसरा प्रकार खनिज गाभ्याचा, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट, जिप्सम वगैरेंचा. अमेरिकी पद्धतीच्या ४५ ते ९० मिनिटांच्या लाकडी दारांमध्ये तो सर्रास असतो. आगीला उत्तम, पण स्क्रू धरण्यात अगदी कच्चा. म्हणून बिजागरी, कुलूप आणि क्लोजर येणार तिथे कारखान्यातच आतून लाकडाचे किंवा तशाच भरीव मालाचे ठोकळे बसवावे लागतात. ऑर्डर देताना क्लोजरची जागा कळवली नसेल तर तिथे ठोकळा नसतो, स्क्रू काही महिन्यांत सैल होतात आणि मग आरपार बोल्ट मारण्याचा मोह होतो. चाचणीत नसलेला आरपार बोल्ट म्हणजे उष्णतेला पलीकडे जायला धातूचा सरळ रस्ता.

पोकळ किंवा जाळीदार कागदी गाभ्याचं दार वजनावरून ओळखू येतं. २०४० × ९२६ मिमीचा ४४ मिमी जाड पल्ला साधारण ४५ ते ५२ किलो भरतो, ५४ मिमीचा ६० ते ७० किलो. याच मापाचा पल्ला एका माणसाला सहज उचलता येत असेल तर लेबल काहीही सांगो, माल परत पाठवा.

पल्ल्याच्या उभ्या कडांवर कठीण लाकडाची लिपिंग (कडेला चिकटवलेली पट्टी) असते, बहुधा ६ ते १८ मिमी. ती शोभेसाठी नसते. आग पहिल्यांदा कडेला चावते आणि तिथे घट्ट लाकूड नसेल तर फुगणाऱ्या पट्टीची खाचच जळून मोकळी होते. लिपिंगच्या लाकडाची घनता ६४० किलोच्या आसपास किंवा वर असावी अशी अपेक्षा असते.

३० मिनिटं म्हणजे नेमकं काय

भट्टीच्या तोंडाशी पूर्ण संच बसवून, आयएसओ ८३४ च्या वक्राप्रमाणे तापमान चढवलं जातं. पाचव्या मिनिटाला सुमारे ५७६ अंश, तिसाव्याला ८४२, साठाव्याला ९४५. युरोपात ईएन १६३४-१, अमेरिकेत यूएल १०सी आणि एनएफपीए २५२, भारतात आयएस ३६१४ अशी मानकं आहेत. तपशील वेगळे, मूळ कल्पना एक. इंटिग्रिटी म्हणजे ज्वाला आणि तप्त वायू आरपार न जाणं. युरोपीय चाचणीत दहा सेकंदांहून जास्त सलग ज्वाला दिसली, फटीशी धरलेली कापसाची गादी पेटली किंवा ६ मिमीचा गेज (मोजमापाची सळई) फटीत घुसून १५० मिमी सरकला की दार नापास. इन्सुलेशन म्हणजे सुरक्षित बाजूचं सरासरी तापमान १४० अंशांपेक्षा आणि कुठल्याही एका बिंदूवर १८० अंशांपेक्षा जास्त न वाढणं. प्रमाणपत्रावर ईआय ३० असेल तर दोन्ही मिळतात; नुसतं ई ३० असेल तर फक्त पहिलं. विक्रेत्याशी बोलताना हा एका अक्षराचा फरक हमखास हरवतो.

या चाचणीत पल्ल्याचा मध्यभाग क्वचितच आधी हार मानतो. दार हरतं ते कडेला, बहुतेक वेळा कुलपाच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात. कारण दुहेरी आहे. आगीकडची बाजू वाळून आकसते, म्हणून पल्ल्याचे कोपरे आगीच्या दिशेनं वळतात आणि चौकटीपासून सुटू लागतात. त्याच वेळी गरम वायू वर जमून तिथला दाब वाढतो. युरोपीय चाचणीत शून्य दाबाची रेषा जमिनीपासून ५०० मिमीवर असते आणि त्यावर दर मीटरला सुमारे ८.५ पास्कल दाब चढतो. म्हणजे दाराच्या माथ्याशी साधारण १३ पास्कल. फट जिथे रुंदावते तिथेच वायू सर्वांत जोरानं ढकलत असतात. बिजागरीच्या बाजूला पल्ला तीन ठिकाणी धरलेला असतो. कुलपाच्या बाजूला फार तर एका ठिकाणी, मधोमध.

दार कुठल्या बाजूनं जाळलं होतं, तेही विचारा. उघडण्याच्या बाजूनं आणि बंद होण्याच्या बाजूनं निकाल वेगळे येऊ शकतात. लाकडी दार भट्टीच्या दिशेनं उघडणारं असेल तर कोपरे सुटायला मोकळे असतात, म्हणून ती स्थिती सहसा कठीण मानली जाते. आग कुठल्या बाजूला लागेल हे कुणाला ठाऊक नसतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचा पुरावा हवा.

फुगणाऱ्या पट्ट्या: इथे कंजूषी नको

पल्ला आणि चौकट यांच्यामध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर दार उघडणार नाही. २०४० × ९२६ मिमीच्या दाराला माथा आणि दोन्ही बाजू मिळून सुमारे ५ मीटर लांबीची फट असते. ती ३ मिमी असेल तर एकूण मोकळी जागा १५० चौरस सेंटिमीटर. ५ मिमी झाली तर २५०. एवढं भगदाड पल्ल्याच्या मधोमध कुणी चालवून घेणार नाही, कडेला मात्र ते कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

ही फट आगीत बंद करण्याचं काम इंट्युमेसंट, म्हणजे उष्णतेनं फुगणाऱ्या पट्टीचं. ३० मिनिटांच्या दाराला बहुधा १५ × ४ मिमीची एक पट्टी माथ्याला आणि दोन्ही बाजूंना असते. ६० मिनिटांच्या दाराला तशा दोन किंवा एक जास्त रुंद. तीन जातीचा माल वापरात आहे. ग्रॅफाइट सुमारे २०० अंशांच्या आसपास फुगतं, चहूबाजूंना पसरतं आणि बऱ्यापैकी दाब देतं. सोडियम सिलिकेट घट्ट फेस तयार करून जोरात दाबतं आणि वळू पाहणाऱ्या पल्ल्याला जागीच धरून ठेवायला मदत करतं. पण त्याला हवेतली ओल बाधते, म्हणून ते आवरणात बंद असतं आणि कापलेलं टोक उघडं ठेवायचं नसतं. अमोनियम फॉस्फेटचा फेस मऊ असतो, फट भरतो पण दाब फारसा देत नाही. यावरून एक सरळ नियम निघतो: पट्टी बदलायची वेळ आली तर ‘त्याच मापाची’ चालत नाही, त्याच जातीची आणि चाचणी अहवालात नाव असलेलीच लागते.

नुसती फुगणारी पट्टी थंड धूर अडवत नाही. आग दूर असताना, धूर अजून कोमट असताना पट्टी झोपलेलीच असते, आणि आगीत जीव जातात ते बहुतेक धुरानं. म्हणून जिना, कॉरिडॉर आणि फ्लॅटच्या दारांना ब्रश किंवा रबरी पाकळी असलेली जोड पट्टी घ्या. युरोपीय वर्गीकरणात धुरासाठी एसए आणि एस२०० अशा दोन पायऱ्या आहेत. पहिली सामान्य तापमानाच्या धुरासाठी, दुसरी २०० अंशांपर्यंतच्या. पाकळी बिजागरी आणि कुलपाच्या पत्र्याशी तोडली जाऊ नये असं प्रोफाइल निवडा. साध्या ब्रशवर रंगारी रंग फासतो, केस चिकटून ताठ होतात आणि धूर अडायचा थांबतो. रंगकामाआधी त्यावर मास्किंग टेप लावणं हा दोन मिनिटांचा उपाय आहे.

बिजागऱ्या, क्लोजर, कुलूप

तीन बिजागऱ्या, साधारण १०० × ७५ मिमीच्या, स्टीलच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि भट्टी त्या तापमानाला दहाव्या मिनिटाआधीच पोचते. म्हणून भार घेणारा कुठलाही भाग ८०० अंशांखाली वितळणारा नसावा. नायलॉनच्या बुशवर वजन तोलणाऱ्या बिजागऱ्या याच कारणानं नाकाराव्यात. ईएन १९३५ मधली अकरावी श्रेणी ८० किलोपर्यंतच्या दाराला चालते, तेरावी १२० किलोपर्यंत. ६० मिनिटांच्या दारात बिजागरीच्या पानाखाली बहुधा १ मिमीचं इंट्युमेसंट पॅड लागतं, कारण धातूचं पान उष्णता लाकडात खोल नेतं आणि स्क्रूभोवतीचं लाकूड आतून कोळसतं. ही पॅड पाकिटातच राहून जातात. बसवून झाल्यावर ती दिसत नाहीत, त्यामुळे तपासायची असतील तर काम चालू असतानाच.

क्लोजर हा संचातला सर्वांत दुर्लक्षित भाग. ईएन ११५४ प्रमाणे फायर डोअरला किमान तीन नंबरची ताकद हवी. ती ९५० मिमी रुंद आणि ६० किलोपर्यंतच्या पल्ल्याला पुरते. ५४ मिमीचा पल्ला ६० किलोच्या वर गेला की चार नंबर लागतो. स्प्रिंगची बिजागरी लावून काम भागवण्याचा प्रकार जड पल्ल्याला टिकत नाही. चार-सहा महिन्यांत दार लॅच (दार बंद होताच चौकटीत बसणारी जीभ) बसेपर्यंत पोचायचं थांबतं.

इथे एक तक्रार रास्त आहे: वृद्धांना, मुलांना, व्हीलचेअरवरच्या माणसाला जड क्लोजरचं दार त्रास देतं. मग कुणीतरी खाली पाचर ठोकतं किंवा क्लोजरचा हात काढून ठेवतं. उघडं फायर डोअर काहीच अडवत नाही. यावर दटावणीच्या पाट्या लावण्यापेक्षा फायर अलार्मला जोडलेलं विद्युतचुंबकी होल्ड-ओपन बसवावं. अलार्म वाजला किंवा वीज गेली की चुंबक सुटतो आणि दार बंद होतं. फ्लॅटच्या दाराला फ्री-स्विंग क्लोजर त्याहून सोयीचा, कारण रोजच्या वापरात दार हलकं चालतं. खर्च वाढतो, पण रोज वापरलं जाणारं दार असेल तर हा खर्च पहिला करावा.

कुलपासाठी पल्ल्यात खोबण कोरावी लागते, म्हणजे सर्वांत जास्त ताण येणाऱ्या कडेतूनच लाकूड कमी होतं. ५४ मिमीच्या पल्ल्यात १८ मिमीचं कुलूप बसवलं की दोन्ही बाजूंना प्रत्येकी १८ मिमी उरतो. कुलपाचं डबडं जितकं मोठं, तितकं हे नुकसान. म्हणून खोबण कुलपाच्या मापाचीच कोरावी, दोन-तीन मिमीपेक्षा जास्त सैल नको, आणि प्रमाणपत्र सांगत असेल तर आत इंट्युमेसंट अस्तर लावावं. पटाशीनं घाईत कोरलेली, कोपरे फुटलेली खोबण दिसली तर तो पल्ला बाद. लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरून ती दुरुस्त होत नाही.

बसवताना

माल आला की पल्ले भिंतीला टेकवून उभे ठेवू नका; सपाट जमिनीवर तीन आडव्या पट्ट्यांवर आडवे रचा. गिलावा ओला असताना दारं आणूच नयेत. पार्टिकल बोर्ड आणि लिपिंग ओल ओढतात, पल्ला पिळतो आणि मग एका कोपऱ्याशी चौकटीपासून सुटतो. वरची आणि खालची कड रंगवायची राहिली तर पुढच्या पावसाळ्यात हेच पुन्हा होतं. सहाही बाजूंना सील हवं.

भिंतीतलं भगदाड चौकटीपेक्षा प्रत्येक बाजूला साधारण १० मिमी मोठं असावं. चौकट ओळंब्यात लावा, दोन्ही कर्ण मोजा आणि उभ्या बाजूंचा पीळ दोऱ्यानं तपासा. बांधकामात स्क्रू किमान ४० मिमी आत जावा, दोन स्क्रूंमधलं अंतर ६०० मिमीहून जास्त नको आणि प्रत्येक स्क्रूच्या मागे पॅकिंग हवं, नाहीतर आवळताना चौकट आत ओढली जाते आणि फट बिघडते. ६० मिनिटांच्या दाराला बहुतेक प्रमाणपत्रं कठीण लाकडाची चौकट मागतात. जुनी मऊ लाकडाची चौकट ठेवून नवा ५४ मिमीचा पल्ला टांगणं हा व्यवहार म्हणूनच फसतो.

आता चौकट आणि भिंत यांच्यामधली फट. सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात, कारण आर्किट्रेव्ह (चौकट आणि भिंतीचा सांधा झाकणारी पट्टी) ठोकली की सगळं झाकलं जातं. पिवळा साधा पीयू फोम मारून मोकळं होणं सोपं असतं. आगीत तो फोम काही मिनिटांत जातो आणि पल्ला शाबूत असताना ज्वाला चौकटीच्या मागून पलीकडे येते. योग्य पद्धत: दगडी लोकर घट्ट ठासून भरायची आणि दोन्ही बाजूंनी इंट्युमेसंट मॅस्टिकचा (आगीत फुगणाऱ्या लेपाचा) १० मिमी खोल थर द्यायचा. ‘फायर रेटेड’ असं लिहिलेला गुलाबी फोमही सरसकट चालत नाही. त्याची चाचणी बऱ्याचदा दोन काँक्रीटच्या तुकड्यांमधल्या सरळ सांध्यात झालेली असते, लाकडी चौकटीभोवती नव्हे. दाराच्या प्रमाणपत्रात त्याचं नाव असेल तरच वापरा. कंत्राटदाराला सांगून ठेवा: आर्किट्रेव्ह लावण्याआधी प्रत्येक दाराच्या चारही कोपऱ्यांचे फोटो, दाराच्या क्रमांकासह.

पल्ला टांगल्यावर माथ्याला आणि दोन्ही बाजूंना फट २ ते ४ मिमी, शक्यतो ३. खाली मात्र प्रमाणपत्र पाहा. काही दारांना ८ मिमीपर्यंत चालतं, पण धूर अडवायचा असेल तर ३ मिमी किंवा मग ड्रॉप-डाऊन सील (दार बंद होताच खाली उतरणारी पट्टी). टाइल्सचं काम नंतर होणार असेल आणि त्या अंदाजानं पल्ला आधीच खालून कापला, की शेवटी १५-२० मिमीची फट उरते. खालून जोडपट्टी ठोकून ती भरणं बहुतेक उत्पादकांना मंजूर नसतं. जमिनीची अंतिम पातळी ठरल्याशिवाय पल्ल्याला करवत लावू नये. कडा रंधून घ्यायची मर्यादाही उत्पादकागणिक वेगळी असते. बऱ्याच ठिकाणी उभ्या कडेला फक्त ३ मिमी. त्याहून जास्त रंधलं की लिपिंग पातळ होते.

बिजागरीला सगळे स्क्रू लावायचे, दिलेल्या लांबीचे, आधी बारीक भोक पाडून. हातोडीनं ठोकलेला स्क्रू पार्टिकल बोर्डमध्ये धागा धरत नाही. क्लोजर लावल्यावर दार पूर्ण उघडून सोडा, मग अर्धं, मग जेमतेम ७५ मिमी उघडून सोडा. तिन्ही वेळा ते स्वतःहून बंद होऊन लॅच बसला पाहिजे. शेवटच्या चाचणीत अडकलं तर लॅच-स्पीडचा स्क्रू पाव फेरा फिरवून पुन्हा पाहा. एकदम पूर्ण फेरा फिरवू नका; स्क्रू फार बाहेर आला तर तेल गळू शकतं. तरीही बसत नसेल तर क्लोजरला दोष देण्याआधी लॅच आणि कीप (चौकटीवरचा, लॅच अडकतो तो पत्रा) यांची रेघ जुळते का ते तपासा.

दुहेरी पल्ल्यांच्या दारात कडा एकमेकींवर चढणाऱ्या असतील तर कोऑर्डिनेटर हवाच, म्हणजे योग्य पल्ला आधी बंद होईल. तो नसला की दुसरा पल्ला पहिल्यावर अडकून दार अर्धं उघडं राहतं.

काचेची खिडकी

पल्ल्यात काच हवी असेल तर कारखान्यातूनच लावून घ्या. जागेवर कापलेलं भोक चाचणीत नसतं, बीडिंगचं (काच धरून ठेवणाऱ्या पट्टीचं) लाकूड चुकीचं निघतं आणि काचेभोवतीची इंट्युमेसंट पट्टी कुणी आणतच नाही. जाळीची काच ज्वाला अडवते, उष्णतेचं प्रारण मात्र जाऊ देते. ईआय दर्जा हवा असेल तर जेलचे थर असलेली इन्सुलेटेड काच लागते. ती जाड आणि जड असते, म्हणून वजनाचा हिशेब आणि क्लोजरचा नंबर पुन्हा पाहावा लागतो.

कुठे घ्यावं, कुठे नको

फ्लॅटचं मुख्य दार, कॉरिडॉर, हॉटेलच्या खोल्या, शाळांचे वर्ग: ३० मिनिटांचा लाकडी संच, धुराच्या पट्ट्यांसह. आवाज कमी येतो, दिसायला घरगुती राहतो, हाताला थंड राहतो. जिन्याचा संरक्षित कक्ष, वीज खोली, गोदामाचं आतलं दार इथे ६० मिनिटांचा, पण बसवणाऱ्या माणसानं आधी असं काम केलेलं असेल तरच. किती मिनिटं हवीत हे शेवटी स्थानिक नियम आणि इमारतीचा अग्निसुरक्षा आराखडा ठरवतो, विक्रेता नाही. सतत पाणी मारलं जातं अशा धुलाईच्या जागा, उघड्यावरची दारं, ट्रॉल्या आदळतात ती लोडिंगची दारं इथे लाकूड घेऊ नका. इन्सुलेशन भरलेलं स्टीलचं दार तिथे जास्त टिकेल. ९० मिनिटांच्या वर लाकडी दार मिळतं, पण पल्ला इतका जाड आणि हार्डवेअर इतकं खास होतं की लाकडाचा फायदा फारसा उरत नाही.

बसवल्यानंतर तपासणी लागतेच. इंग्लंडमध्ये ११ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींत सामायिक जागेतली फायर डोअर दर तीन महिन्यांनी आणि फ्लॅटची मुख्य दारं वर्षातून एकदा तपासण्याचा नियम जानेवारी २०२३ पासून लागू आहे. कुठल्याही इमारतीला हे वेळापत्रक घ्यायला हरकत नाही. एका दाराला पाच मिनिटं लागतात: फट गेजनं मोजा, पट्टी अखंड आहे का पाहा, बिजागरीखाली काळी धातूची भुकटी दिसते का पाहा, म्हणजे झीज झाली, क्लोजरमधून तेल गळतंय का पाहा, आणि ती ७५ मिमीची चाचणी घ्या. इंटरनेटची केबल ओढायला चौकटीत किंवा भिंतीत वरच्या बाजूला पाडलेलं भोकही याच फेरीत सापडतं.

ऑर्डरमध्ये चाचणी अहवालाचा क्रमांक, पल्ल्याची आणि चौकटीची माहिती, आणि मंजूर हार्डवेअरची यादी लिहून घ्या. अहवालातल्या आकारापेक्षा तुमचं दार उंच किंवा रुंद असेल तर त्या वाढीचा लेखी मूल्यांकन-दाखला मागा. तोंडी ‘चालतं’ याला किंमत नाही. पल्ल्याच्या वरच्या किंवा बिजागरीच्या कडेला लावलेलं लेबल किंवा प्लग रंगवू नका, तोच पुढे ओळखीचा एकमेव पुरावा ठरतो. आणि मूळ ऑर्डरसोबतच त्याच जातीच्या पट्टीचे आणि धुराच्या सीलचे काही मीटर, बिजागरीच्या पॅडचा एक जादा संच मागवून ठेवा. पाच वर्षांनी पट्टी फाटेल तेव्हा तेच प्रोफाइल बाजारात मिळेलच असं नाही, आणि वेगळ्या जातीची पट्टी लावली की प्रमाणपत्राचा आधार जातो.